याचिका आधी की मोजदाद आधी? कोकणातील वाटपाच्या दाव्यांबद्दल एक प्रस्ताव

जुना नाझर (धागाकर्ता) – ११ जानेवारी २०२६

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो. न्यायालयाची पायरी न चढलेल्यांसाठी सांगतो: समन्स, नोटिसा आणि हुकूमनाम्याची बजावणी करणारे बेलिफ ज्याच्या हाताखाली असतात, तो नाझर. त्यामुळे दावा कोणी जिंकला यापेक्षा कागद कोणाच्या दारातून परत आला, हे मला अधिक ठाऊक असते.

आमच्या भागातील काही मंडळींनी वाटपाच्या दाव्यांना लागणाऱ्या विलंबाबद्दल जनहित याचिका दाखल करायचे ठरवले असून मसुदा माझ्याकडे वाचायला दिला आहे. त्यांची तळमळ खरी आहे. तीन गुंठ्यांच्या कलमांच्या बागेसाठी आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो, हे आपल्याकडे कोणाला नवे वाटत नाही. परंतु त्या चौदा पानांत ‘प्रचंड विलंब’, ‘असंख्य पक्षकार’ आणि ‘न्यायापासून वंचित’ हे शब्द जागोजागी असताना, किती दावे, कोणत्या टप्प्यावर, किती काळ अडकले आहेत याचा एकही आकडा मला सापडला नाही.

माझा अनुभव असा की आपल्याकडचा विलंब हा एकजिनसी नाही. सामायिक सातबाऱ्यावर चाळीस नावे असतात, त्यातील निम्मे हिस्सेदार चाकरमानी, आणि दाव्यात पत्ता मात्र गावचाच लिहिलेला. बेलिफ घाटी चढून वाडीत जातो, पडवीतली म्हातारी सांगते की ‘ते मुंबईस असतात, गणपतीला येतील’, आणि समन्स तामील न होता परत येते. एका दाव्यात आम्ही एकाच इसमाच्या नावे तीन वेळा समन्स काढले. तिसऱ्या वेळी बेलिफाने शेजाऱ्यांचा जबाब घेऊन अहवाल दिला, की सदर इसम नऊ वर्षांपूर्वी मयत आहे. सातबाऱ्यावर तो अजून जिवंत होता. हे तिन्ही कागद माझ्याच सहीने गेले होते, म्हणून दोष कोणावर ढकलत नाही.

माझा प्रस्ताव साधा आहे. एका तालुक्यातील निकाली निघालेले शंभर आणि प्रलंबित शंभर वाटपाचे दावे घ्यावेत, त्यांचे रोजनामे (प्रत्येक तारखेला काय झाले याची न्यायालयाची नोंद) वाचावेत, आणि समन्स तामिली, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), मुद्दे, पुरावा, प्राथमिक हुकूमनामा (कोणाचा हिस्सा किती), अंतिम हुकूमनामा (प्रत्यक्ष वाटप) या प्रत्येक टप्प्याला किती काळ लागला ते लिहून काढावे. याचिका त्यानंतर. मंडळींना हे वेळकाढूपणाचे वाटते. आपले मत हवे आहे.

दर्यावर्दी – ११ जानेवारी

नाझरसाहेब, मीही आपल्या मंडळींच्याच बाजूचा आहे. अभ्यास, समिती, अहवाल या क्रमाने आमचे काय झाले ते सांगतो.

पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीबद्दल डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला, त्यावर आधारित आदेश राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी काढला आणि परवानाधारक पर्ससीन नौकांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत दिली. पुढे एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरही बंदी आली. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला, दंड लाखांत गेला, आणि प्रकरणे तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे चालू लागली. कागदावर यापेक्षा चांगली सुधारणा कोणती असेल? तरीही रात्री किनाऱ्यावर उभे राहिले तर दिव्यांचा बाजार दिसतो. किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराला आणखी अभ्यास नको आहे, न्यायालयाचा धाक हवा आहे. वाटपाच्या दाव्यांतही वेगळे काय होणार?

सुरंगी – १२ जानेवारी

मी मूळची वेंगुर्ल्याची असून पुण्यात विधी संशोधनाचे काम करते. दर्यावर्दी यांचा अनुभव मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. आपण जे उदाहरण दिले त्यात अभ्यास जाळ्यांचा आणि माशांचा झाला. २०२१ नंतर किती प्रकरणे दाखल झाली, किती दिवसांत निकाली निघाली आणि किती दंड प्रत्यक्ष वसूल झाला, याचा अभ्यास मासेमार संस्थांपैकी कोणी केला आहे का? तहसीलदारांकडून अधिकार काढून खात्याकडे देणे ही न्यायदानाच्या रचनेतील मोठी दुरुस्ती होती. ती उपयोगी पडली की नाही, हे दिवे मोजून नव्हे, प्रकरणांच्या नोंदवह्या वाचून कळेल.

जनहित याचिकेच्या इतिहासातही तथ्य गोळा करणे हे काम याचिकेच्या आधी किंवा तिच्या पोटात नेहमीच राहिले आहे. १९७९ चे हुसैनारा खातून प्रकरण बिहारमधील कच्च्या कैद्यांबद्दल वृत्तपत्रात आलेल्या लेखांवरून उभे राहिले. त्यात कैद्यांची नावे होती, कोण किती वर्षे आत आहे हे होते, आणि काहींचा तुरुंगवास त्यांच्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त झाला होता. ही तुलना आकड्यांशिवाय करताच आली नसती. आपल्या राज्यातील उदाहरण त्याहून बोलके आहे. मुंबईच्या पोलीस कोठडीतील स्त्रियांच्या छळाबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, तेव्हा न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेण्यास सांगितले, आणि त्या अहवालानंतर १९८३ मध्ये कोठडीतील स्त्रियांबद्दल आणि कायदेविषयक मदतीबद्दल निर्देश दिले. त्या काळी एका पत्रावर न्यायालय स्वतः चौकशी करवून घेत असे. आज तो भार याचिकाकर्त्यावर आहे, आणि माझ्या मते तो असावाही.

तिठ्यावरचा वकील – १२ जानेवारी

मी सिंधुदुर्गात दिवाणी बाजूला वकिली करतो. दोन्ही बाजूंना थोडे टोचेल असे लिहितो.

पहिली गोष्ट नाझरसाहेबांच्या बाजूची. २०१० च्या बलवंतसिंग चौफाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की याचिकाकर्ता कोण आहे आणि याचिकेतील मजकूर प्रथमदर्शनी खरा आहे का, हे पाहूनच जनहित याचिका दाखल करून घ्यावी, आणि हेतू गैर असेल तर खर्चाचा भुर्दंड बसवावा. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी आपले जनहित याचिका नियम केले. चौदा पाने विशेषणांची घेऊन कोणी माझ्याकडे आले, तर मी वकीलपत्र घेणार नाही. आणखी एक अडचण अशी की मसुदा तयार करणाऱ्या मंडळींपैकी कोणाचा स्वतःचा वाटपाचा दावा प्रलंबित असेल, तर तो उघड सांगावा लागेल. कोकणात असा दावा नसलेला याचिकाकर्ता कुठून आणणार, हा प्रश्न मी गमतीने विचारत नाही.

दुसरी गोष्ट अशी की कायदा नाही असे मुळीच नाही. कैफियत तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत द्यावी. एका पक्षकाराला सुनावणीदरम्यान तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत. पक्षकार मयत झाल्यास नव्वद दिवसांत वारस दाखल करावेत. समन्स नेहमीच्या मार्गाने बजावता येत नसेल तर वर्तमानपत्रातून जाहीर समन्स द्यावे. सगळे दिवाणी प्रक्रिया संहितेत आणि मुदतीच्या कायद्यात लिहिलेले आहे. वाटपाच्या प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकाराच्या वेगळ्या अर्जाची वाट न पाहता न्यायालयाने स्वतःच प्रकरण अंतिम हुकूमनाम्यासाठी पुढे चालवावे, असेही सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये कट्टुकंडी प्रकरणात सर्व न्यायालयांना सांगितले आहे. मग याचिकेत मागणार काय? ‘कायद्याप्रमाणे वागा’ असा हुकूम? तो आहेच.

तिसरी गोष्ट सोयीची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले. रात्रीची गाडी पकडून मुंबईला जायचे आणि बोर्डावर प्रकरण न पोहोचल्यामुळे तसेच परत यायचे, हा प्रकार बराच टळला. घाट चढला की कोल्हापूर. पण जवळ आले म्हणून तयारीशिवाय जावे असे नाही.

महाडकर – १३ जानेवारी

आम्ही रायगडवाले मात्र अजून मुंबईच्याच खात्यात आहोत. असो.

‘आधी तथ्य’ या मुद्द्यावर आमच्या गावचा एक दावा आठवला. चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना माहीत असतो, तळ्याचा दावा फार थोड्यांना. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लागला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. वादींचे म्हणणे असे की अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला आणि तो वादींविरुद्ध गेला, कारण तळे नगरपालिकेचे होते आणि अशी अनादि वहिवाट पुराव्याने सिद्ध झाली नाही. समतेचे तत्त्व तर त्या लढ्यात होतेच, पण निकाल ठरला तो तळे कोणाचे आणि वहिवाट किती जुनी या रुक्ष प्रश्नांवर. मनाई हुकूम दोन दिवसांत मिळाला आणि शेवटचा निकाल लागायला नऊ वर्षांहून अधिक काळ गेला, हेही विलंबाच्या धाग्यात नोंदवून ठेवतो.

दर्यावर्दी – १३ जानेवारी

महाडकर, उदाहरण उत्तम आहे, पण ते प्रतिवादींच्या बाजूचे आहे. त्यांच्यावर दावा लादला गेला होता. इथे आपण स्वतः न्यायालयात जाणार आहोत. ज्याचे दार आधीच बंद झाले आहे, त्याला आपण मोजदाद करीत बसल्यामुळे दोन वर्षांनी उत्तर मिळणार.

सुरंगीताईंचा प्रश्न मात्र मला लागला. २०२१ नंतरच्या दंडाच्या वसुलीची यादी आमच्या संस्थेकडे नाही. मागितलीच नाही.

सुरंगी – १३ जानेवारी

दर्यावर्दी, याचिका यशस्वी झाल्याचे आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण देते, म्हणजे मी याचिकेच्या विरोधात आहे असा समज राहणार नाही. कांदळवनांबद्दल बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल. कांदळवनांभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याचे बंधन त्यात आहे. पण या आदेशाला जो काही दम आला, तो माझ्या मते नकाशांमुळे आला. २००५ च्या आदेशातच उपग्रह प्रतिमांवरून कांदळवनांचे क्षेत्र निश्चित करून ते महसुली नोंदींशी जोडण्याचे काम सांगितलेले होते. सर्व्हे नंबर ठरल्यावर ‘इथे कांदळवन नव्हतेच’ असे म्हणणे अवघड होते. भराव पूर्णपणे थांबले असे नव्हे, परंतु तक्रारदाराच्या हातात बोट ठेवायला जागा आली.

वाटपाच्या दाव्यांचा असा नकाशा आपल्याकडे नाही. राष्ट्रीय न्यायिक माहिती जालावर जिल्ह्यातील प्रलंबित दावे, त्यांचे वय आणि टप्पा दिसतो; विलंबाची कारणेही ढोबळ शीर्षकांखाली दिसतात. पण ‘प्रतिवादी क्रमांक २३ डोंबिवलीला राहतो आणि पत्ता गावचा आहे’ हे कारण त्या शीर्षकांत मावत नाही. ते रोजनाम्यातच सापडेल.

नाझरसाहेब, एक सूचना. निकाली आणि प्रलंबित दावे एकाच तक्त्यात मिसळू नयेत. निकाली दावे पाहिले की लवकर सुटणारे अधिक दिसतात, प्रलंबित पाहिले की न सुटणारे. दोहोंची सरासरी काढली तर ती काहीच सांगणार नाही. त्याऐवजी एखाद्या ठरावीक वर्षी, समजा २०१०, दाखल झालेले सगळे वाटपाचे दावे घ्यावेत आणि आज प्रत्येकाचे काय झाले ते पाहावे. तसेच माहितीच्या अधिकारात अर्ज करून रोजनाम्याच्या प्रती मागवता येतील.

तिठ्यावरचा वकील – १४ जानेवारी

शेवटच्या वाक्याला दुरुस्ती. उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे जिथे नकला मिळण्याची सोय आहे, तिथे माहितीच्या अधिकाराचा मार्ग धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. दाव्यात पक्षकार नसलेल्याला कारण देऊन नकलेसाठी अर्ज करावा लागेल. मात्र ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तारखांचा इतिहास आणि त्या त्या दिवशीचे कामकाज पाहता येते, आणि टप्प्यांचा काळ मोजायला सुरुवातीला तेवढे पुरेसे आहे. जुन्या दाव्यांत ही नोंद तुटक असते, हे लक्षात ठेवावे. तक्त्यात पक्षकारांची नावे घेऊ नयेत. गावात बहिणीने भावावर लावलेल्या दाव्याची यादी फिरली, तर आपला अभ्यास राहील बाजूला आणि भलतेच सुरू होईल.

एका वर्षाचे सगळे दावे घेण्याची सूचना मात्र पटली.

माहेरवाशीण – १६ जानेवारी

मी या धाग्याची केवळ वाचक होते, पण वकीलसाहेबांच्या शेवटच्या वाक्यातील बहीण मीच आहे असे समजा.

आमच्या राज्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती १९९४ मध्ये झाली, देशात २००५ मध्ये, आणि वडील त्या वेळी हयात नसले तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सांगितले. तरीही माहेरी गेले की चहाआधी हक्कसोड पत्राचा विषय निघतो. मी सही केली नाही. दावा लावण्यासाठी मला वकील मोफत मिळू शकला असता, कारण विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, पण हे मला पहिली पाच वर्षे कोणी सांगितले नाही. आपल्या तक्त्यात ‘वादी स्त्री आहे का’ आणि ‘मोफत वकील मिळाला का’ असे दोन रकाने घालावेत, एवढे सांगण्यासाठी लिहिते आहे.

जुना नाझर (धागाकर्ता) – १६ जानेवारी

ताई, दोन्ही रकाने घातले. इतरांच्या सूचनांप्रमाणे २०१० साली दाखल झालेले सर्व वाटपाचे दावे घेण्याचे ठरवतो. आणखी एक रकाना मी स्वतः वाढवला आहे: ‘दावा दाखल होताना कोणी प्रतिवादी मयत होता का’. मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी करण्यासाठी सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली. त्या मोहिमेचा दाव्यांवर परिणाम होतो का, हे पुढे कोणाला तपासायचे असेल तर आधीची स्थिती लिहिलेली असलेली बरी.

दर्यावर्दी, आपण दोन वर्षे म्हणालात. आम्ही चौघे निवृत्त माणसे आहोत, आठवड्यातून तीन दिवस बसणार आहोत. पावसाळ्यापूर्वी तक्ता पूर्ण होईल असे वाटते. मंडळींना मी तोपर्यंत थांबण्याची विनंती केली आहे. त्यांनी होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही.

ताई, आपली हरकत नसेल तर आपल्या दाव्याच्या तारखा नमुना म्हणून भरता येतील. नाव, गाव, क्रमांक काहीही नको.

माहेरवाशीण – १७ जानेवारी

काल रात्री फाईल काढून बसले. वीस वर्षांत प्रथमच तारखा ओळीने लिहिल्या.

दावा दाखल ऑगस्ट २००६. शेवटच्या प्रतिवादीला समन्स पोहोचले नोव्हेंबर २००९ मध्ये. मध्ये एक काका वारले, त्यांचे वारस दाखल होण्यात एक वर्ष दहा महिने. प्राथमिक हुकूमनामा जुलै २०१३. जमीन शेतसाऱ्याची असल्यामुळे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायचे होते. कागद तिकडे गेले फेब्रुवारी २०१५ मध्ये, कारण ते पाठवण्यासाठी आपण काही करायचे असते हे मला माहीत नव्हते आणि कोणी विचारलेही नाही. त्यानंतर मोजणीची तारीख दोनदा लागली. पहिल्या वेळी एका हिस्सेदाराने हरकत घेतली. दुसऱ्या वेळी पाऊस होता. बाकी सर्व काळ फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

म्हणजे न्यायालयात सहा वर्षे अकरा महिने, मधल्या जागी एकोणीस महिने, आणि महसूल कार्यालयात आजपर्यंत जवळजवळ अकरा वर्षे. इतकी वर्षे मी ‘कोर्टात अडकले आहे’ असेच सर्वांना सांगत आले.

तिठ्यावरचा वकील – १७ जानेवारी

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५४. शेतसारा लागू असलेल्या जमिनीचे वाटप जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी करतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे देशभरातील प्रलंबित दरखास्तींचा, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीच्या अर्जांचा, ८.८२ लाखांहून अधिक असा आकडा आला, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा आपल्या उच्च न्यायालयाच्या कक्षेचा होता. ताईंची अडचण मात्र त्या आकड्यातही धडपणे बसत नाही, कारण असा कागद एकदा महसुलाकडे गेला की न्यायालयाच्या बोर्डावरून बहुधा नाहीसा होतो.

नाझरसाहेब, मसुद्यात प्रतिवादी कोणकोण केले आहेत?

जुना नाझर (धागाकर्ता) – १७ जानेवारी

आत्ता पुन्हा उघडून पाहिला. उच्च न्यायालयाचे प्रबंधक आणि राज्याचे विधी व न्याय खाते. महसूल खाते नाही, जिल्हाधिकारी नाहीत, भूमी अभिलेखही नाही.

ताईंच्या तारखा तक्त्यात पहिल्या ओळीवर घेतल्या आहेत. दावा २००६ चा असल्याने तो नमुन्यात धरणार नाही, पण ‘कागद महसुलाकडे पाठवल्याची तारीख’ हा रकाना त्यांच्यामुळे वाढला. मसुदा मंडळींकडे उद्या परत नेऊन देतो, सोबत हा धागा छापून.

दर्यावर्दी – १८ जानेवारी

छापील प्रत एक जास्त काढा. आमच्या संस्थेची सभा २६ तारखेला आहे, आणि दंडाच्या वसुलीचा अर्ज कसा लिहायचा ते सुरंगीताईंना विचारायचे आहे.

सुरंगी – १८ जानेवारी

तो माहितीच्या अधिकारातच करता येईल, कारण ते न्यायालय नव्हे, खाते आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा, आणि ‘सर्व माहिती’ मागू नका. वर्ष, प्रकरणांची संख्या, बसवलेला दंड, वसूल झालेला दंड, एवढे चारच रकाने मागा. मसुदा आज रात्री पाठवते.